बियाणे सगळ्यांचे, नाव एकाचे

मंडळी, 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यात फरक एका मात्रेचा. पण जो पहिले काम करतो त्याच्या वाट्याला दुसरे येतेच, हे बारशाच्या दिवशी कोणत्याही आत्याला विचारा. आज मी नाव ठेवण्याविषयीच लिहिणार आहे, पण मुलांच्या नव्हे. एक, संगणकाच्या प्रोग्रामांचे जे तुकडे जगभरचे लोक एका सामाईक कोठारात ठेवतात त्यांची नावे. आणि दुसरी, आपल्या परभणीच्या बियाण्यांची नावे. या दोहोंचा काय संबंध, असे म्हणाल. मलाही आधी तसेच वाटले होते.

नावांचा कारभार मास्तराला नवा नसतो. एका वर्गात तीन सुनील निघाले की हजेरीत आडनाव बघायचे. दोघांचे आडनावही एकच निघाले की वडिलांचे नाव. तेही जुळले की गाव. आणि एकदा का शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढले, की तेच दाखल्यावर, तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर, तेच नोकरीत. पुढे बदलायचे तर राजपत्रात छापून आणावे लागते. एवढा त्रास कशासाठी? कारण तोपर्यंत ते नाव त्या पोराचे एकट्याचे राहिलेले नसते. दहा ठिकाणचे कागद त्या नावावर उभे असतात.

पुण्याला संगणकात काम करणारा माझा नातू एकदा त्याचे काम समजावून सांगत होता. तो म्हणाला, "आजोबा, आम्ही सगळं स्वतः लिहीत नाही. बरंचसं तयार आणतो." तारखा मोजणे, फाइल पाठवणे, अशा एकेका कामाचा तयार सुटा तुकडा असतो. त्याला म्हणतात मॉड्यूल. कोणीतरी ते लिहितो आणि सामाईक कोठारात ठेवतो. ज्याला हवे त्याने फुकट न्यावे, उघडून बघावे, सुधारावे. आपल्याकडे पूर्वी एकाच्या बळदातले बी गावभर पेरले जाई, तसेच म्हणा ना!

या कोठारांपैकी एक जुने आणि गाजलेले म्हणजे सीपॅन. पर्ल नावाची एक संगणकभाषा आहे. ती लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केली. हे गृहस्थ भाषाशास्त्राचे अभ्यासक, हे ऐकून मला बरे वाटले! या भाषेतली मॉड्यूल एकत्र ठेवायचे कोठार 1995 च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. फिनलंडचे यार्को हिएतानिएमी आणि जर्मनीचे आंद्रेआस क्योनिग यांचा त्यात मोठा वाटा. आज तिथे दोन लाखांवर मॉड्यूल आहेत.

आता दोन लाख पोरांची शाळा म्हटल्यावर नावांचा गोंधळ व्हायचाच. म्हणून त्यांनी नावे आडनावासकट ठेवायची रीत पाडली. आधी घराणे, मग दोनदा विसर्गासारखी खूण, मग स्वतःचे नाव. तारखांचे काम करणारी सगळी 'डेट' घराण्यात, जाळ्यावरच्या निरोपांची 'नेट' घराण्यात. नुसते 'तारीख' एवढेच नाव घेऊन कोणी बसू नये, कारण उद्या दुसरा कोणी तारखांचेच काही चांगले लिहील, त्याने कुठे जायचे?

सुरुवातीच्या काळात टिम बन्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मॉड्यूलांची यादी सांभाळत. नवे नाव घ्यायचे तर आधी चारचौघांत विचारायचे, मग यादीत नोंद. मॉड्यूल कच्चे आहे की पक्के, अडचण आली तर कोणाला विचारायचे, हेही एकेका अक्षराच्या खुणेने लिहिलेले असे. पुढे मॉड्यूल इतकी वाढली की ती यादी मागे पडली आणि साधा नियम उरला. ज्याने एखाद्या नावाने पहिल्यांदा माल ठेवला, ते नाव त्याचे. दुसऱ्या कोणी त्याच नावाने आणून ठेवले तर 'अनधिकृत' असा शिक्का बसतो आणि मुख्य सूचीत ते येत नाही. ज्याला पुढे सांभाळणे जमत नाही, तो आपले मॉड्यूल 'अडॉप्ट-मी' या खात्यावर टाकू शकतो. म्हणजे 'मला दत्तक घ्या'! दत्तकविधान तिथेही सुटले नाही.

हे ऐकताना मला सारखे आपले कृषी विद्यापीठ डोळ्यांसमोर येत होते.

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. तेच ते दुष्काळाचे वर्ष. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. त्याच्या आधी 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात आला होता. सीएसएच म्हणजे अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे घराणे. पण आपल्या लोकांनी त्या सगळ्या कुळाला एकच नाव दिले, हायब्रीड. आजही खेड्यात 'हायब्रीडची भाकर' म्हटले की खरिपाची ज्वारीच समजतात. कापूस हायब्रीड असतो, मका हायब्रीड असतो, पण नाव पटकावले ज्वारीने. नुसते 'तारीख' नाव घेऊ नये असे ते पर्लवाले का म्हणतात, ते मला यावरून नीट कळले.

विद्यापीठाच्या वाणांची नावे बघा. तुरीचा बीएसएमआर 736. यातला 'बी' बदनापूरचा, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या संशोधन केंद्राचा, आणि उरलेली अक्षरे इंग्रजीत सांगतात की हा वांझ रोगाला दाद देत नाही. गाव आणि गुण, दोन्ही नावातच. कापसाचा एनएचएच 44 नांदेडचा. सोयाबीनचे एमएयूएस 71 म्हणजे समृद्धी आणि एमएयूएस 81 म्हणजे शक्ती. 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली, ती 'परभणी शक्ती'. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ती तयार झाली. तिथे तिचा नंबर आयसीएसआर 14001, परभणीत पीव्हीके 1009, आणि शेतकऱ्याच्या तोंडी परभणी शक्ती. सोयाबीनमध्येही शक्ती आणि ज्वारीतही शक्ती, मग घोटाळा होत नाही का? नाही होत. पीक हेच आडनाव. एका घरात दोन सुनील नकोत, दोन घरांत चालतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते नाव 'परभणी क्रांती'. भेंडीवर हळद्या पडला की शिरा पिवळ्या होतात, पाने पिवळी पडतात आणि माल बाजारात न्यायच्या लायकीचा राहत नाही. जांभळे आणि नेरकर या आपल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा संकर तिच्या एका रानटी भाऊबंदाशी केला आणि त्या वंशातून 1985 च्या सुमारास हळद्याला तोंड देणारी भेंडी काढली. देशभरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी 'परभणी' हे नाव रेल्वेच्या जंक्शनाखेरीज जर कुठे ऐकले असेल, तर या भेंडीच्या पाकिटावर.

आणि यातले 'पुसा' काय, ठाऊक आहे? बिहारमधले एक गाव. तिथे 1905 मध्ये शेतीची संशोधन संस्था निघाली. 1934 च्या भूकंपात तिची इमारत मोडली आणि 1936 मध्ये ती दिल्लीला हलवली. गाव मागे राहिले, नाव सोबत गेले. आजही दिल्लीत निघालेले वाण 'पुसा' म्हणूनच ओळखले जातात. आपल्याकडेही तेच झाले. 2013 मध्ये विद्यापीठाचे नाव 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ' झाले, इंग्रजी अक्षरे बदलली. पण 'एमएयूएस 71' मधली जुन्या विद्यापीठाची अक्षरे तशीच राहिली. लाखो शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेले, बियाण्याच्या पिशव्यांवर छापलेले नाव कोण बदलणार? आणि का बदलावे?

नाव असे घट्ट बसलेले नसले, किंवा नावाचा धनी आणि कोठाराचा रखवालदार यांच्यात बिनसले, तर काय होते? याच्या दोन गोष्टी सांगतो. एक परदेशातली, एक आपल्या महाराष्ट्रातली.

पहिली 2016 च्या मार्चची. एनपीएम नावाचे दुसरे एक मोठे कोठार आहे, जावास्क्रिप्ट या भाषेचे. आझेर कोचुलू या प्रोग्रामरने तिथे 'किक' नावाचे मॉड्यूल ठेवले होते. किक नावाच्या एका कॅनेडियन कंपनीने ते नाव मागितले. हा नाही म्हणाला. कोठारवाल्यांनी नाव कंपनीला दिले. त्यावर या गृहस्थाने चिडून आपली सगळी, म्हणजे 273 मॉड्यूल तिथून उचलली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक अकरा ओळींचा तुकडा होता. त्याचे काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला ठराविक जागा भरून काढणे. पण हजारो प्रोग्राम त्या अकरा ओळींवर टेकलेले निघाले, आणि जगभर त्यांची बांधणी अडली. अखेर कोठारवाल्यांनी तो तुकडा परत जागेवर ठेवला आणि नियम बदलला. ज्यावर दुसऱ्याचे काम उभे आहे, ते सहजासहजी काढून नेता येणार नाही. नाव कोणाचे यावरून भांडण आणि बंद पडले भलत्यांचेच काम!

दुसरी गोष्ट दादाजी खोब्रागडे यांची. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. (आपल्या शेजारचे नांदेड नव्हे. बघा, इथेही जिल्हा जोडावाच लागला.) हे अल्पभूधारक शेतकरी. 1983 च्या सुमारास 'पटेल 3' या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरून बारीक दाण्याचा तांदूळ तयार केला. त्या वेळी एचएमटी घड्याळाचे वेड होते, त्यावरून तांदळाला नाव पडले एचएमटी. दादाजींनी बी कोणाला नाकारले नाही. वाण दूरवर पोचला. 1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की त्यांनी बी शुद्ध केले. दादाजींचे म्हणणे असे की मूळ निवड माझी, आणि माझे नाव कुठे आहे? राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने पुढे त्यांचा गौरव केला, 2010 मध्ये फोर्ब्स मासिकाच्या यादीत ते झळकले. पण हातात पैसा आला नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले.

याच्या उलट आपली मालदांडी बघा. 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्या गावरान ज्वारीतून निवड करून एम 35-1 हा वाण काढला. त्यातला 'एम' मालदांडीचाच. केंद्राने नंबर जोडला, पण शेतकऱ्याने दिलेले नाव पुसले नाही. म्हणून आजही ती मालदांडी आहे. एचएमटीच्या नावात घड्याळाची कंपनी राहिली, विद्यापीठ आले, माणूस तेवढा राहून गेला.

2001 मध्ये आपल्या देशाने वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा केला. त्यात नावांचे नियम वाचण्यासारखे आहेत. नुसते आकडे नकोत (रूढ प्रघात असेल तर गोष्ट वेगळी). दिशाभूल करणारे नको. त्याच किंवा जवळच्या पिकातल्या नोंदलेल्या वाणाचे नाव पुन्हा नको. कोणाच्या धार्मिक भावना दुखावतील असे नको. गावाचे नाव असले तरी निबंधक अडवू शकतो, वापर प्रामाणिक असेल तरच सोडतो. शेतकऱ्याने राखलेला वाणही शेतकऱ्याच्या नावे नोंदवता येतो.

आणि याच कायद्याचे 39 वे कलम सांगते की शेतकरी आपल्या शेतातले बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या वाणाचा छापील ब्रँड लावून विकता येत नाही. पर्लच्या जुन्या परवान्यातही साधारण हाच भाव आहे. घ्या, बदला, वाटा, पण बदल केले असतील तर ते उघड सांगा किंवा वेगळे नाव द्या. दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, आणि तरी निष्कर्ष एकच निघाला. माल मोकळा सोडायचा असेल तर नाव बांधून ठेवावे लागते. नाव बांधलेले असले की माल बिघडला तर कोणाला विचारायचे ते कळते, आणि चांगला निघाला तर कोणाचे आभार मानायचे तेही कळते.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे आणायला जाणाऱ्या आमच्या घरच्या पोरांना मी सांगत असतो, पिशवीवरचे चित्र बघू नका, शिवलेला टॅग बघा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा. त्यावर पीक, वाण, लॉट नंबर असतो. ते त्या बियाण्याचे जनरल रजिस्टर समजा. पावती आणि टॅग हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

असो. लिहिता लिहिता बरेच लांबले. तुमच्या आजोळी, सासरी एखादी गावरान ज्वारी, एखादे वांगे, एखादी भाताची जात अजून कोणाच्या घरच्या नावाने ओळखली जात असेल, तर ते नाव आणि ते का पडले ते मला जरूर कळवा. ते बी राखणारी म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. नंतर बी मिळेल, नाव मिळणार नाही.