घन इंच, गॅलन आणि थोडासा चुकलेला लिटर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा एक आठवडा वाया गेला. गोल टाकी होती. आतला व्यास १२ इंच (जुन्या ड्रॉइंगवर तसाच लिहिलेला) आणि पाण्याची उंची मी पट्टीनं मोजली, ४० सेंमी. πr²h मध्ये ६ आणि ४० घातले, ४५२४ आलं, 'इंचाचं सेंमी करायचं राहिलं की' म्हणून २.५४ ने गुणलं. साडेअकरा लिटर! त्या हिशोबानं मीठ टाकलं. सगळी रीडिंग्ज कमी, आणि कमी म्हणजे नेमकी २.५४ पटीनं. तेव्हा ट्यूब पेटली. सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, म्हणजे इंच दोनदा येतो, म्हणून २.५४ नं दोनदा गुणायला हवं होतं. खरं उत्तर २९.२ लिटर.

चूक माझीच होती. पण तेव्हापासून या एककांचा इतिहास वाचायची सवय लागली, आणि तो भलताच मजेशीर निघाला.

इंग्लंडमध्ये दारूचा गॅलन वेगळा आणि बिअरचा वेगळा (२८२ घन इंच) असायचा. गॅलन नक्की केवढा, हा कराच्या पैशांचा प्रश्न होता. शेवटी राणी ॲनच्या काळात, १७०६-०७ मध्ये, कायद्यात लिहिलं गेलं: ७ इंच व्यासाचं, ६ इंच खोल गोल भांडं, किंवा २३१ घन इंच मावणारं कुठलंही भांडं, म्हणजे वाइनचा एक गॅलन. आता हे स्वतः करून बघा. π च्या जागी शाळेतलं २२/७ घाला, बरोबर २३१ येतात. खरा π घातला तर २३०.९०७. म्हणजे कायद्यातल्या दोन व्याख्या एकमेकींशी जुळतच नाहीत! अमेरिकेनं पुढे २३१ हा आकडा धरला. १९५९ मध्ये इंच २५.४ मिमी ठरल्यावर त्याचे ३.७८५४११७८४ लिटर झाले.

ब्रिटननं १८२४ मध्ये वेगळी वाट धरली. लांबी मोजत बसायचंच नाही, ६२ अंश फॅरनहाइटचं १० पौंड पाणी म्हणजे एक गॅलन. त्याचे तेव्हा २७७.२७४ घन इंच धरले होते. पुढे पाण्याची घनता नीट मोजल्यावर तो आकडा २७७.४२ च्या जवळ सरकला.

मेट्रिकवाल्यांनी हसू नये, कारण तेही याच खड्ड्यात पडले. १९०१ मध्ये लिटर म्हणजे सर्वाधिक घनतेच्या १ किलो पाण्याचं आकारमान, असं ठरलं. पण किलोग्रॅमचा प्रमाण ठोकळा मूळ कल्पनेपेक्षा किंचित जड निघाला होता. त्यामुळे लिटर १००० ऐवजी १०००.०२८ घन सेंमी झाला. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द होईपर्यंत मिलिलिटर आणि सीसी काटेकोरपणे एक नव्हते. माझ्या टाकीत हा फरक जेमतेम ०.८ मिलिलिटर, सोडून द्या. पण जुन्या तक्त्यातून पाण्याची घनता पाचव्या-सहाव्या दशांशापर्यंत उचलणार असाल, तर छपाईचं साल आणि तिथं ग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलंय की प्रति घन सेंमी, हे आधी बघा.

आणि ती टाकी? आता तिच्यावर मार्करनं व्यास लिहिलाय, ३०.४८ सेंमी.