वंदा : एका गैरसमजाचा इतिहास

छत्रपति संभाजीनगराच्या उत्तरेस असलेल्या हर्सूलचें वैशाखांतलें ऊन आणि कोरडा वारा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस तेथें आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढेल असें सांगितल्यास हसूंच येईल. आमरी म्हटली कीं आसाम-मलायाचीं ओलीं अरण्यें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु दख्खनच्या पानझडी रानांत आंब्याच्या व बाभळीच्या फांद्यांवर राहणारी एक काटक आमरी आहे. तिचें नांव वंदा. हिरवट-पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांच्या चौकटी आणि मंद सुवास, हें तिच्या फुलाचें लक्षण.

‘वंदा’ हा शब्द संस्कृत. झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासारख्या वनस्पतींस तो लावीत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनीं हें नांव युरोपीय पंडितांच्या कानांवर घातलें. १७९५ सालीं रॉक्सबर्ग यांनीं कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथांत या जातीचें वर्णन केलें आणि १८२० सालीं रॉबर्ट ब्राऊन यांनीं ‘वंदा’ हें नांव शास्त्रांत रूढ केलें.

नांवाबरोबर बांडगुळाचा गैरसमजही चिकटून राहिला. वस्तुतः वंदा झाडाचा रस शोषीत नाहीं. ती केवळ आश्रय घेते. तिच्या उघड्या मुळांवरील पांढरें, सच्छिद्र आवरण पाऊस व दंव टिपून घेतें. तिला अन्नाइतकीच मोकळ्या हवेची गरज असते. हें न कळल्यामुळें इंग्लंडांतील बागवानांनीं उष्ण देशांतील आमरी भट्टीनें तापविलेल्या, बंद कांचघरांत कोंडल्या. त्या कुजून गेल्या. १८३० नंतरच्या दशकांत चॅट्सवर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन यांनीं कांचघरांत वारा खेळूं दिला, तेव्हां कोठें त्या जगूं लागल्या.

परंतु यशाबरोबर हांव आली. १८५० सालीं जोसेफ हूकर यांनीं खासी टेकड्यांतून नीळ्या वंदेचीं सात माणसांचीं ओझीं क्यू येथील बागेसाठीं पाठविलीं. त्यांतलीं थोडींच रोपें जिवंत पोंचलीं. दख्खनच्या वंदेच्या मागेंही एक पीडा आहे. रास्ना कोणती, याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. कांहीं ठिकाणीं वंदेचींच मुळें रास्ना म्हणून वापरतात. मूळ उपटलें कीं वेलीसह फूलही गेलें.

यावर उपाय शास्त्रानेंच दिला. वंदेच्या शेंगेंत धुळीसारखें असंख्य बीं असतें, पण त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत एक बुरशी त्यास रुजण्यास साहाय्य करते, हें फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनीं १८९९ सालीं दाखविलें. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील लुइस नडसन यांनीं बुरशीवांचून, साखर व क्षार घातलेल्या खळीवर तें रुजवून दाखविलें. आतां रान न लुटतां बाटलींत हजारों रोपें तयार होतात. १९७५ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें रानांतील आमरींच्या व्यापारावर निर्बंधही घातले आहेत.

तेव्हां हर्सूलच्या अंगणांत वंदा लावावयाची, तर रोप रोपवाटिकेंतीलच घ्यावें. मृगाच्या पावसाबरोबर तें आंब्याच्या खरखरीत खोडावर, विरळ सावलीच्या बाजूस, काथ्यानें बांधावें. मुळांवर माती मुळींच घालूं नये. झाड नसल्यास लांकडी जाळीच्या टोपलींत कोळसा व विटांचे तुकडे भरून त्यांत ठेवावें. मुळें ओलीं असतां हिरवीं दिसतात आणि सुकलीं कीं पांढरीं होतात. तीं पांढरीं दिसलीं म्हणजे पाणी द्यावें. उन्हाळ्यांत सकाळीं रोज शिंपडावें, झळईपासून आडोसा करावा. हिवाळ्यांत हात आंखडता घ्यावा. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यानें अगदीं पातळ खत पुरे.

एवढें करून वाट पाहावी. जिला दीर्घकाळ बांडगूळ म्हटलें, ती वंदा आश्रयदात्याचें पानही न सुकवितां फुलते.