चैत्रातली गोधडी

शाळू निघाला, खळ्यावरची रास घरात आली आणि कडब्याची गंज रचून झाली, की सांगली-साताऱ्याकडच्या गावांतल्या बायकांना जरा सवड मिळते. पळस-पांगारा फुलून गेलेला असतो, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, दुपारी लांबलेल्या असतात. याच दिवसांत कुरडया होतात, सांडगे घातले जातात, शेवया वळल्या जातात. आणि याच दिवसांत सोप्यात नाहीतर झाडाखाली वाकळ शिवायला घेतली जाते. कुणी तिला गोधडी म्हणते, सीमेपलीकडे कानडी मुलखात ती कौदी होते.

चैत्रच का, याची कारणे रोकडी आहेत. धुतलेल्या चिंध्या या उन्हात एका दिवसात कडकडीत वाळतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात. पाहुणे-रावळे येतात, त्यांना अंथरूण लागते. आषाढात भुईला ओल सुटते, त्याआधी जाड वाकळ तयार हवी. पण एवढेच असते, तर चार जुनेर एकावर एक टाकून टाके घातले की भागले असते. प्रत्यक्षात बाई लुगड्याचा काठ बरोबर कडेला येईल असा बेत करते. चोळी बेतताना उरलेले खणाचे त्रिकोण ती वर्षभर गाठोड्यात जपून ठेवते आणि कोपऱ्यांना लावते. हिरव्याशेजारी लाल बसते की पिवळे खुलते, हे ती दोनदा मांडून पाहते. हे गरजेचे काम नाही, ही हौस आहे. गोधडीचा इतिहास गरिबीचा इतिहास म्हणून पुष्कळदा सांगितला गेला आहे. मला तो या हौसेच्या बाजूने सांगायचा आहे.

आधी काम जवळून पाहू. सारवलेल्या भुईवर जुने सुती लुगडे ताणून पसरतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याचे दोन भाग केले की तळ आणि वरची बाजू दोन्ही एकाच लुगड्यातून निघतात. मध्ये धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे, फट राहणार नाही आणि उंचवटा येणार नाही असे मांडायचे. मग लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांत धरून ठेवायचे. आता खरा धावदोरा. कडेपासून सुरुवात करायची, कोपरा आला की वळायचे, आणि चौकोनात चौकोन घालत आत आत जायचे. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या की प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो: एकीचा तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा लांबट. सुई पाच-सहा थरांतून जायची, तर कापड जुनेच हवे. शंभर वेळा धुतलेल्या सुताची खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो, म्हणून सुई सहज उतरते. नव्या कोऱ्या कापडाची जाड गोधडी हाताने शिवणे म्हणजे बोटांचे हाल. जुनेराचा वापर हा काटकसरीइतकाच कारागिरीचाही निर्णय आहे.

या कामाचा सर्वांत जुना धागा आपल्याकडे भिक्षूंच्या वस्त्राशी जाऊन भिडतो. बौद्ध विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधातली शेते दिसली: बांधांनी आखलेली, चौकोनी तुकड्यांची, बांध एकमेकांना छेदून जाणारी. भिक्षूंची चीवरे अशी शिवता येतील का, असे त्यांनी आपला शिष्य आनंद याला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे तयार केली आणि बुद्धांनी त्याच्या समजेची वाखाणणी केली. टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र भिक्षू आधीही वापरत होतेच. आनंदाने त्या चिंध्यांना शेताची रचना दिली. कापडाच्या तुकड्यांत शिवार पाहण्याची ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण आजही माळावरून खालची रब्बीची राने पाहिली की वाकळीची मांडणी कुठून सुचली असेल, हा प्रश्न पडत नाही.

पुढे संस्कृतात कंथा, म्हणजे ठिगळांची गोधडी, आली. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताच्या अंगावर आहे. नाथपंथी जोगी, फकीर, अवधूत यांच्या खांद्यावर ठिगळांचे वस्त्र शतकानुशतके राहिले. महाराष्ट्रात या परंपरेचे शेवटचे मोठे रूप म्हणजे गाडगेबाबा (१८७६-१९५६). त्यांच्या अंगावरच्या ठिगळांवरून कुणी त्यांना गोधडे महाराज म्हणे, कुणी चिंधेबुवा. या सगळ्या धाग्यात गोधडी म्हणजे संसार सोडल्याची खूण. घरातली गोधडी याच्या अगदी उलट: संसार मांडल्याची, बाळ येणार असल्याची, पाहुणा येणार असल्याची खूण. वस्तू एक, अर्थ दोन. साधूची कंथा ग्रंथांत नोंदली गेली. घरातल्या बाईची गोधडी अंगाखाली राहिली, धुतली गेली, विरली आणि शेवटी पायपुसणे झाली. म्हणून तिचे जुने नमुने हाती लागत नाहीत.

साधूंची कंथा ही गोधडीच्या वंशावळीची एक शाखा; दुसरी शाखा व्यापाराची आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधल्या सातगाव-हुगळीकडे पोर्तुगिजांसाठी मोठी भरतकामाची पांघरुणे तयार होत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानरेशमाने राजा सॉलोमनचा न्याय, शिकारीची दृश्ये, जहाजे आणि जलपऱ्या भरलेल्या असत. पोर्तुगीज त्यांना कोल्शा म्हणत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनमध्ये ती आजही पाहायला मिळतात. मागणी दरबाराची होती, हात बंगालचे होते. त्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

तिसरी शाखा आपल्या शेजारची आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी काही पळून उत्तर कन्नडच्या जंगलांत गेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतले सिद्दी हे त्यांचे वंशज. सिद्दी बायका कवंदी शिवतात. रीत ओळखीची आहे: कडेपासून सुरुवात, चौकोनी फेरे, शेवट मध्यभागी. पण काम संपत आले की कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावायचेच, त्यांना त्या फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी, अपुरी मानली जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासकार हेन्री ड्रेवल यांनी या कामाचा अभ्यास करून ते बाहेरच्या जगासमोर नेले. कोपऱ्यावरच्या त्या फुलांनी ऊब वाढत नाही. तरी ती लागतातच. हौस ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, या समजाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकात कापडच बदलले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत काढलेल्या सूतगिरणीत १८५६ पासून उत्पादन सुरू झाले. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. गिरणीचे आणि मागाचे स्वस्त लुगडे गावोगाव पोचले. शिवणयंत्र आले, शिंप्याच्या दुकानात कातरणांचा ढीग साचू लागला. पूर्वी गोधडीत फक्त विरलेले कापड जाई. आता न वापरलेले, रंग न उडालेले तुकडे मिळू लागले, तेही छीट, चौकडी, पट्टे अशा नाना तऱ्हांचे. बाईच्या गाठोड्यात पहिल्यांदाच निवडीला वाव आला, आणि तुकड्यांची नक्षी करणाऱ्या गोधड्यांना बहर आला.

मग उतरणही कापडानेच आणली. १९८० नंतर पॉलिस्टरच्या साड्या खेड्यापाड्यांत सररास झाल्या. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत. त्यांच्या थरांतून सुई घसरते आणि अंगाखाली गोधडीही घसरते. सोलापुरी चादर आणि नंतर दुकानातले ब्लँकेट परवडू लागले. गाद्या आल्या, भुईवर निजणे कमी झाले. ऊस वाढला तिथे चैत्रातली सवडही गेली, कारण उसाला उन्हाळ्यातही पाणी आणि खुरपणी चुकत नाही. गोधडी मागे पडली ती फक्त फॅशन बदलली म्हणून नव्हे. तिला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, सुती जुनेर आणि मोकळी दुपार, एकाच पिढीत दुर्मीळ झाल्या.

दूर अमेरिकेत याच सुमारास उलटा प्रवास चालू होता. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या घरगुती गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. तिथल्या बायकांच्या शिवणकामाला कला म्हणून मान मिळाला, पण शिवणाऱ्या बहुतेक निनावीच राहिल्या. २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनला भरले आणि नंतर व्हिटनीत गेले, तेव्हा चित्र बदलले. लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग अशी नावे कामाशेजारी लागली. शेतमजुरांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली पांघरुणे आता त्या त्या बाईची म्हणून ओळखली जातात.

आपल्याकडेही जाग येते आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केले. पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून गोधडी शिवणाऱ्या बायका आहेत, नातवंडासाठी दुपटे शिवायला बसलेल्या निवृत्त शिक्षिका आहेत. काही गावांत बचत गट मागणीनुसार गोधड्या शिवून देतात. या छंदाला कुणी परदेशी खूळ म्हणाले, तर ते चूक आहे. खणाचा त्रिकोण वर्षभर जपणारी बाई हौशी कलावंतच होती. शहरातली आजची हौशी बाई तिची थेट वारस आहे, आणि वारशाबरोबर दोन जबाबदाऱ्या येतात. विकतची गोधडी घेताना हाताच्या टाक्याला त्याच्या तासांचा दाम द्यावा. यंत्राच्या शिलाईशी त्याची बरोबरी करून घासाघीस करू नये. आणि सुती जुनेर टाकून देऊ नये. आईच्या कपाटातली विरत आलेली सुती साडी हे या कामातले सर्वांत उत्तम, आणि आता सर्वांत दुर्मीळ, कापड आहे.

तिसरी गोष्ट सोपी आहे आणि ती याच चैत्रात करता येईल. वंशावळ नावांवर उभी राहते. वस्त्राला शेताची रचना देणाऱ्या आनंदाचे नाव उरले, गोधडी पांघरणाऱ्या साधूंची उरली, गिरणी काढणाऱ्यांची उरली. शिवणाऱ्या बाईचे तेवढे नाही. तेव्हा घरात जी गोधडी असेल, तिच्या कोपऱ्यात धावदोऱ्यानेच शिवणारीचे नाव, गाव आणि साल घालावे. आजीने शिवलेली असेल तर आजी आहे तोवर तिलाच विचारून घालावे: कुणाचे लुगडे, कुणाचा सदरा, कुठल्या जत्रेच्या आधी शिवली. नवी शिवणाऱ्यांनी शेवटचा टाका नावाचा घालण्याची रीतच पाडावी. पुढे कुणी गोधडीचा मागोवा घेईल, तेव्हा त्याच्या हाती नुसते कापड नको, शिवणारीचे नाव लागले पाहिजे.