मानमोडीचं साल : लढाई, दुष्काळ आणि साथ



दिंडीला शंभर वर्षं झाली. पंचमंडळी म्हणाली, महाराज, कीर्तन नको, इतिहासाचं काहीतरी लिहून द्या. माझी शाळा चौथीपर्यंत. पण जुन्या माणसांकडनं ऐकलेलं डोक्यात आहे, आणि गावातल्या मास्तरांनी जुनी पुस्तकं काढून वाचून दाखवली. त्याच्या जोरावर हे लिहितो.

आपली दिंडी उभी राहिली त्याच्या आधीची पाच-सात वर्षं कशी होती, हे आजच्या पोरांना ठाऊक नाही. माझी आजी वय सांगताना साल सांगायची नाही. म्हणायची, "मानमोडीत मी एवढी एवढी होते." ती मानमोडी म्हणजे 1918 सालची साथ. ताप यायचा, अंग ठणकायचं, माणूस मान टाकायचा आणि चार दिवसांत जायचा. तिला इंग्रज इन्फ्लुएन्झा म्हणत.

पण नुसत्या तापानं एवढी माणसं गेली नाहीत. त्या साली तीन गोष्टी एका जागी आल्या. लढाई, कोरडा पाऊस आणि साथ.

आधी लढाईचं बघू. 1914 ला साहेबांच्या देशाकडं महायुद्ध पेटलं. आपलं त्यात काही देणंघेणं नव्हतं. तरी हिंदुस्थानातनं दहा लाखांवर माणूस दर्यापार गेला. आपली देशावरची आणि कोकणातली मराठ्यांची पोरं आज ज्याला इराक म्हणतात तिकडं गेली. कूट नावाच्या गावात पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने. शिधा रोज कमी कमी होत गेला. शेवटी घोडे कापायची वेळ आली. आपल्यातल्या पुष्कळ शिपायांनी बरेच दिवस ते मांस खाल्लं नाही, उपाशी राहिले. अखेर अन्न संपलं म्हणून फौजेला हत्यार खाली ठेवावं लागलं.

ती भूक तिकडची. इकडची भूक हळू आली. गहू बोटीत भरून विलायतेला आणि फौजेला जाऊ लागला. रेल्वेचे रूळ, डबे, इंजिनं उचलून लढाईवर नेली. त्यामुळं एका मुलखात धान्य असलं तरी दुसऱ्या मुलखात ते वेळेवर येईना. रॉकेल महागलं, कापड महागलं, मीठ महागलं. 1918 च्या सुरुवातीला मुंबईत लोकांनी धान्याची दुकानं फोडली. जन्मभर कष्ट करून खाणारा माणूस दुकान फोडायला उठतो, तेव्हा त्याच्या घरातली चूल किती दिवस विझली असंल याचा विचार करा.

आता पावसाचं. त्या साली आषाढ कोरडा गेला. मोजदाद ठेवणारे सांगतात की 1918 च्या जुलैएवढा कोरडा जुलै शंभर-सव्वाशे वर्षांत झाला नाही. बाजरी करपली. कडबा नाही, बैल हाडाडले. पुढं आपल्या इलाख्यात दुष्काळ पुकारावा लागला.

आणि त्यातच साथ. 10 जून 1918 ला मुंबईत पोलिसातले सात शिपाई तापानं दवाखान्यात गेले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. फौजेची जहाजं तिथंच लागत. ती पहिली लाट सौम्य होती. भाद्रपदात दुसरी आली ती काळ होऊन आली. ऐन नवरात्रात, 6 ऑक्टोबरला, एकट्या मुंबई शहरात 768 माणसं मेली. एका दिवसात! मग आगगाडीनं ताप गावोगाव पोचला.

शेतकऱ्याच्या ध्यानात येईल की ही वेळ कोणती. उत्तरा आणि हस्त नक्षत्र. उरलीसुरली बाजरी काढायची आणि रब्बीची जोंधळ्याची पेर करायची. नेमक्या त्या पंधरवड्यात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. उभं पीक काढायला माणूस नाही, तिफण धरायला माणूस नाही. म्हणजे भुकेनं ताप वाढवला आणि तापानं पुढच्या सालची भूक पेरली. हे चाक असं फिरतं.

एरवीची साथ म्हातारी माणसं आणि लेकरं नेते. ह्या साथीनं 20 ते 40 वयाची कर्ती माणसं नेली. आणि बाप्यांपेक्षा बायका जास्त गेल्या. कारण मोठं गुपित नाही. आजाऱ्याची उशाला बसून सेवा तिनंच करायची, आणि सगळ्यांना वाढून शेवटी टोपल्यात उरलं तर तिनं खायचं. अशा सालात टोपल्यात काय उरणार?

देशात मिळून सव्वा कोटी ते दोन कोटी माणूस गेला असा जाणत्यांचा अंदाज आहे. 1911 नंतर 1921 ला शिरगणती झाली, तेव्हा आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी सुमारे सहा लाख माणूस कमी भरलं. एवढं होऊन गावात त्यांचा ना पार, ना समाधी. लढाईवर गेलेल्यांचे निदान दगड तरी उभे आहेत.

वारकऱ्याला हे नवीन नाही. 1630 सालीही असंच झालं होतं. मोगलांची फौज दख्खनेत, वर दुष्काळ, वर रोगराई. तुकोबारायांच्या घरातली माणसं त्यात अन्नावाचून गेली. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सांगतोच, की त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्यांना उघडी केली. कथेतला विठू महार आपण सांगतो, लोक डोळे पुसतात. पण त्यात एक हिशेबाची गोष्ट आहे ती सुटते. कोठारात धान्य होतं. लोक धान्य नसल्यामुळं मरत नव्हते, कुलूप असल्यामुळं मरत होते. 1918 ला कुलूप भावाचं होतं. मजुरी जिथल्या तिथं राहिली आणि धान्य तिच्या हातून निसटलं.

पुढं दुसऱ्या लढाईत, 1943 ला, मुंबईत रेशन सुरू झालं. परवा 2020 ला करोना आला. पायी वारी थांबली, माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपल्याला लई वाईट वाटलं. पण त्या वेळी रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. शहरातनं उपाशीपोटी चालत निघालेल्या मजुरांचे हाल आपण पाहिले, ते विसरायचे नाहीत. तरी 1918 सारखं झालं नाही, त्याला कोठारात धान्य होतं आणि कुलूप थोडंफार निघालं हे एक कारण आहे.

म्हणून शंभरीच्या निमित्तानं दिंडीपुढं दोन गोष्टी ठेवतो. एक, दर सुगीला घरटी पायलीभर जोंधळा दिंडीच्या कोठीत जमा व्हावा, आणि तो वारीच्या पंगतीपुरता नसावा. गावात आजार आला, हाताला काम नसलं, तर त्या घरी न मागता पोचावा. दुसरी, पंगतीत वाढणाऱ्या बाया शेवटी बसतात. ह्या वर्षापासून एक दिवस त्यांनी आधी बसावं आणि बाप्यांनी वाढावं. मानमोडीत गेलेल्या आयाबहिणींचं श्राद्ध कोणी घातलं नाही. ते असं घालू.

रामकृष्णहरी.