ग्रंथलेखन (समर्थ संप्रदाय)

ग्रंथलेखन : धर्मग्रंथाची प्रत स्वहस्ते, नेमाने आणि उपासना म्हणून उतरवून काढण्याचे व्रत. सातारा-सांगली परिसरात, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात, समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८२) संप्रदायाने हे व्रत जितके काटेकोर घडवले तितके मराठी मुलखात दुसऱ्या कोणी क्वचितच घडवले असेल. स्नान, संध्या, भिक्षा, कीर्तन यांच्याच पंक्तीला येथे लेखणी बसली. मठात राहणाऱ्या रामदाश्याला सुवाच्य लिहिता येणे हा त्याच्या साधनेचाच भाग मानला जाई.

या व्रताचा मूळ आधार समर्थांच्या ‘दासबोध’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास, ‘लेखनक्रियानिरूपण’. या दशकाचे नाव ‘शिकवण’. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथात ब्रह्म, माया, प्रकृती, पुरुष यांची चर्चा उदंड आहे. तीतून शिकवणीकडे वळताना समर्थ पहिले बोट ठेवतात ते अक्षरावर. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावे, ते वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, काने-मात्रा-वेलांट्या जागच्या जागी पडाव्यात, असे ते सांगतात. पहिल्या पानावरचे अक्षर आणि शेवटच्या पानावरचे अक्षर एकाच टाकाने, एकाच बैठकीत काढल्यासारखे दिसले पाहिजे. पान शिशाने आखून घ्यावे म्हणजे ओळींमधले अंतर कमीजास्त होत नाही. एका ओळीचा उकार खालच्या ओळीला लागता कामा नये आणि खालची मात्रा वरच्या ओळीत घुसता कामा नये.

हे सगळे एखाद्या कसबी कारकुनानेही सांगितले असते. पुढच्या दोन सूचनांतून मात्र जन्मभर लिहिलेला आणि वाचलेला माणूस बोलतो. पहिली अशी की तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये. तीच पोथी म्हातारपणी आपल्यालाच वाचता येणार नाही. दुसरी पानाच्या चारी बाजूंना सोडायच्या जागेविषयी. कागद झिजू लागला की आधी कडा जातात, म्हणून मजकूर मधोमध ठेवावा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाही. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला या सूचनेचे मोल पहिल्या पानापाशीच कळते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचे स्वतःचे म्हातारपण आहे आणि कागदाचेही आहे.

त्यानंतर समास साहित्याच्या यादीकडे वळतो. कागद घट्ट हवा, त्याला खळ देऊन तो नीट घोटलेला हवा. सुऱ्या, कातऱ्या, देशोदेशीचे बारीक-जाड बोरू, टाक तोडण्याच्या नाना तऱ्हा, भिजवून वाळवून साठवलेली शाई, तांबड्या रंगासाठी हिंगूळ, समाप्तीच्या ठिकाणी सजावट, चितारलेल्या फळ्या, बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपेसुद्धा. मठ म्हटला की डोळ्यांसमोर झोळी आणि कुबडी येते. या समासातून दिसते ते लेखनशाळेचे कोठीघर. काळ्या मजकुरात दंड, ओवीचे आकडे आणि समाससमाप्ती हिंगुळाने तांबडी करीत. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकीत आणि त्यावर पुन्हा लिहीत. एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार पोथीलेखकाच्या याच हातकामातून आला. पोथीची पाने सुटी, आडवी असत. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून वर बासन बांधीत. स्तोत्रे, पदे, अभंग उतरवून घेण्यासाठी शिवलेली वही असे, तिला ‘बाड’ म्हणत. रामदासी मठांचे धन म्हणजे ही बाडे.

समर्थांनी हे आधी स्वतः केले. नाशिकजवळच्या टाकळीला तपश्चर्येच्या काळात त्यांनी वाल्मीकिरामायणाची प्रत स्वतःच्या हाताने उतरवली, असे संप्रदाय मानतो. समर्थहस्ताक्षरातले म्हणून जपलेले हे रामायण आज धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. दासबोध मात्र शिष्याच्या हातून कागदावर उतरला. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. कल्याणांच्या हातची प्रत त्यांच्या डोमगावच्या मठात राहिली. तीवर समर्थांची नजर फिरली होती असे मानतात. दासबोध आणि ‘आत्माराम’ हे ग्रंथ समर्थांचेच रूप आहेत अशी संप्रदायाची श्रद्धा असल्याने दासबोधाची प्रत करणे आणि मूर्ती घडवणे यांत फारसा फरक उरला नाही. पोथी चौरंगावर ठेवून तिची पूजा होते, ती एवढ्याचसाठी.

हे व्रत मठामठांत चाले. चाफळला १६४८ मध्ये राममंदिर उभे राहिले आणि पाटण तालुक्यातले हे गाव संप्रदायाचे मुख्य ठाणे झाले. पुढे सज्जनगड. चाफळपासून दूर नाही असे उंब्रजजवळचे शिरगाव हे कल्याणांचे बंधू दत्तात्रेयस्वामी यांच्या मठाचे गाव. दक्षिणेला मिरज येथे वेणास्वामींचा मठ. कीर्तनाचा आणि मठ चालवण्याचा अधिकार मिळालेली ही बालविधवा; तिच्या नावावर ‘सीतास्वयंवर’सारखी रचना आहे. दारी भिक्षेला आलेल्या समर्थांना ती एकनाथी भागवत वाचताना दिसली, अशी तिच्या अनुग्रहाची कथा सांगतात. सतराव्या शतकातली एक विधवा मुलगी अंगणात बसून पोथी वाचते आहे, हे त्या कथेतले चित्र मला चमत्कारांहून अधिक मोलाचे वाटते. लेखनक्रियेचा समास पहिल्याच ओवीत ब्राह्मणाला उद्देशून बोलतो, हे लपवण्याचे कारण नाही. त्या काळाची ती मर्यादा आहे. मिरजेच्या मठाने तिला निदान एका बाजूने खिंडार पाडले.

हाताने धर्मग्रंथ उतरवण्याचे कर्तव्य ज्यू धर्मात याहून कडक शब्दांत सांगितलेले आहे. प्रत्येक ज्यूने तोरेची, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाची, एक गुंडाळी लिहावी किंवा लिहवून घ्यावी, ही आज्ञा ६१३ आज्ञांच्या एका प्रसिद्ध गणनेत शेवटची येते. तिचा आधार तोरेतल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात सापडतो. लिहिणाऱ्याला सोफर म्हणतात. तो शुद्ध मानलेल्या प्राण्याच्या चर्मपत्रावर, पक्ष्याच्या पिसाने किंवा बोरूने, काळ्या शाईने लिहितो. स्मरणाने लिहिण्याची मुभा नाही. समोर प्रत ठेवून प्रत्येक शब्द आधी उच्चारायचा आणि मग काढायचा. तोरेत ३,०४,८०५ अक्षरे मोजलेली आहेत. त्यांतले एक गळले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले तरी, दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी प्रार्थनेत वाचायला चालत नाही. देवाचे नाव चुकले तर ते खोडताही येत नाही. ते पान बाजूला काढून पुढे मातीत पुरतात.

दोन्हीकडची साम्ये थक्क करणारी आहेत. सोफरही पान आधी आखतो, फक्त शाईविना, टोकदार हत्याराने रेघ ओढून. त्याची अक्षरे रेघेवर उभी राहत नाहीत, रेघेखाली लोंबतात. आपले देवनागरीही शिरोरेघेखालीच लोंबते. अक्षराभोवती कोरी जागा असलीच पाहिजे हा त्याचा नियम आणि ओळीला ओळ लागू न देण्याचा समर्थांचा दंडक एकाच चिंतेतून जन्मले आहेत. फरक आहे तो चुकीच्या फळात. तोरेची चुकलेली प्रत अपात्र ठरते. समर्थ शोधूनही चूक सापडू नये असे म्हणतात खरे, पण त्यांचा सगळा भर लिहिणाऱ्याने देह कष्टवण्यावर आणि पाहणाऱ्याला त्या अक्षराचा हेवा वाटावा यावर आहे. माझ्या मते या संप्रदायाचे वेगळेपण येथेच आहे: पोथी देवापुढे शुद्ध ठरावी, तितकीच ती दुसऱ्या माणसाला लिहायची चटक लावणारीही हवी. आपल्याकडच्या ज्यूंची कथा मात्र उलटी आहे: मराठी बोलणारे बेने इस्रायल, कोकणातले ‘शनिवार तेली’, कित्येक पिढ्या हिब्रू गुंडाळीविना केवळ आठवणीवर आपला शनिवारचा शब्बाथ पाळत राहिले. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनागृह बांधले. ग्रंथ हाती नसताना धर्म टिकवणे म्हणजे काय, हे त्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार!

पोथी लिहिण्याला जोडूनच पोथी देण्याचे पुण्य येते. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात विद्यादानाचा, ग्रंथदानाचा विधी सविस्तर दिला आहे. ज्याला स्वतः लिहिणे जमत नसे तो लेखक लावून प्रत करवी आणि योग्य माणसाला दान देई. याच पुण्याच्या वाटेने मिरजेत एक मोठी गोष्ट घडली. पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एक तांबट कारागीर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकला होता आणि गीतेच्या अशा प्रती काढून ब्राह्मणांना वाटण्याचा नाना फडणवीसांचा मनसुबा होता. १८०० मध्ये नाना गेले. कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापून निघाली. मराठी मुलखातल्या अगदी पहिल्या देवनागरी छापील ग्रंथांत तिची गणना होते. खिळे जुळवून ती छापलेली नव्हती. पानेच्या पाने पत्र्यावर कोरलेली असल्याने त्यांतले वळण हातचेच होते. छपाईच्या इतिहासात तिला यंत्रयुगाची चाहूल म्हणून मांडतात. मला ती हेमाद्रीच्या दानखंडातून थेट उतरलेली वाटते.

एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आणि मग खिळाछाप दासबोध घरोघर गेले आणि मठांतल्या लेखण्या हळूहळू थांबल्या. बासनांत राहिलेली बाडे वाचवण्याचे श्रेय प्रामुख्याने धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांचे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेमार्फत त्यांनी मठोमठी फिरून रामदासी हस्तलिखिते मिळवली, डोमगावच्या कल्याणहस्तलिखितावरून विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला आणि जमवलेल्या बाडांसाठी वाग्देवता मंदिर उभारले. सज्जनगडावर माघ वद्य नवमीला, दासनवमीला, दासबोधाचे वाचन आजही होते. हाती छापील प्रत असली तरी वाचण्याआधी तिला गंधफूल वाहिले जाते.