मानमोडीच्या साथीतील मुले

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी लिहिला जातो. मागे राहिलेल्यांचा, आणि त्यांतही लहान मुलांचा, हिशेब क्वचितच मांडला जातो. 1918 साली हिंदुस्थानावर कोसळलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीची कथा अशीच आहे. महाराष्ट्रातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ती ‘मानमोडी’ या नावाने राहिली.

पहिले महायुद्ध तेव्हा संपत आले होते. जून महिन्यात मुंबईतील पोलीस शिपाई तापाने अंथरुणाला खिळले. त्यांच्यात गोदीवर पहारा करणाराही होता. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र काळरूप ठरली. 6 ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात 768 माणसे मृत्यू पावली. आगगाडीच्या मार्गाने रोग आत शिरला आणि मुंबई इलाखा, मध्यप्रांत व वऱ्हाड यांना त्याची झळ फार तीव्रतेने लागली. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा याच इलाख्यात होते. आजच्या अभ्यासकांच्या मते देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. 1911 साली सुमारे 25 कोटी 21 लाख असलेली लोकसंख्या 1921 च्या जनगणनेत 25 कोटी 13 लाखांवर आली. त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत अशी घट दिसलेली नाही.

परंतु या साथीचे खरे क्रौर्य तिने निवडलेल्या वयात होते. इन्फ्लुएन्झा एरवी वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना नेतो. या साथीने मात्र वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे नेली. म्हणजे ज्यांच्या मिळकतीवर घर चालत होते आणि ज्यांच्या कुशीत मुले निजत होती, नेमकी तीच माणसे. त्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. घरातील आजाऱ्याच्या उशाशी बसणे स्त्रीकडे आणि सर्वांच्या मागून जेवणेही तिच्याकडेच. गरोदर स्त्रियांचे हाल तर विशेष झाले. 1919 साली जन्माचे प्रमाण एकाएकी घटले, त्यामागचे हे एक कारण होय.

त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि युद्धामुळे धान्य महागले होते. अनेक डॉक्टर सैन्याबरोबर परदेशी गेलेले. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून मदतीला धावले; तथापि संकटाच्या मानाने ते हात थोडेच होते. मृत्यूने सर्वांना समान लेखले असेही नाही. मुंबई शहरात युरोपियनांत हजारी सुमारे 8 मृत्यू घडले. ज्यांना त्या काळी कनिष्ठ जातींचे हिंदू म्हणत, त्यांच्यात हजारी 61 हून अधिक. मुलाचे आईबाप वाचणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्याचे घर कोणत्या वस्तीत आहे यावर ठरत होते.

या साथीने पोरकी झालेली मुले किती, हे कोणीही मोजले नाही. मुंबई इलाख्यात मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो 1924 साली. तोपर्यंत काका, मामा, आजी यांच्या दारापलीकडे अशा मुलांना हक्काचे दार नव्हते. ज्या घरी आधीच धान्य अपुरे, तेथे आणखी दोन ताटे मांडली जात. त्या अनाम आप्तांची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

शंभर वर्षांनी, 2020 साली, करोनाची साथ आली तेव्हा चित्र पालटलेले होते. या रोगाने मुलांच्या देहाला बहुतांशी सोडले, पण त्यांची शाळा हिरावून घेतली. मार्च 2020 मध्ये बंद झालेले महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 पर्यंत सर्वत्र उघडले नव्हते. ज्याच्या घरी मोबाइल होता त्याच्यापर्यंत धडा पोहोचला. ज्याच्या घरी नव्हता, तो अक्षरओळखही विसरू लागला. मात्र या वेळी एक गोष्ट निराळी घडली. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यामुळे मुलांची गणना झाली. एप्रिल 2020 नंतर, करोनाने असो वा अन्य कारणाने, आई, वडील किंवा दोघेही गमावलेली सुमारे 1 लाख 47 हजार मुले देशात असल्याचे जानेवारी 2022 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने न्यायालयास कळविले. दोन्ही पालक करोनाने गमावलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने पाच लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली.

मोजदाद म्हणजे माया नव्हे, आणि ठेवीची पावती काही मुलाला कुशीत घेत नाही. परंतु जे मूल मोजले जात नाही, ते कोणाच्या जबाबदारीचेही ठरत नाही. मानमोडीत पोरकी झालेली मुले याच विस्मृतीत मोठी झाली. साथ ओसरली म्हणजे स्मशाने शांत होतात. घरात उरलेल्या लहानग्यांची परीक्षा मात्र त्यानंतरच सुरू होते.