मिडी कीबोर्ड घ्यायचाय? आधी पट्ट्या मोजा

घरी रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा मी पहिला मिडी कीबोर्ड २५ पट्ट्यांचा घेतला. स्वस्त होता, लॅपटॉपच्या बॅगेत मावत होता, वर पॅड आणि नॉबही होते. घरी आणून वायर जोडली, एक पट्टी दाबली आणि काहीच ऐकू आलं नाही. दहा मिनिटं मला वाटत होतं की पीस खराब आलाय. पीस ठणठणीत होता. मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पट्टी दाबली की तो संगणकाला फक्त निरोप पाठवतो: कोणती पट्टी, किती जोरात, आणि कधी सोडली. जोर ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. खरं तर पट्टी किती वेगाने खाली गेली यावरून हा जोर ठरतो. आवाज तयार करतं ते संगणकातलं सॉफ्टवेअर. निरोपांची ही भाषा १९८३ साली आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता येऊ लागली. रेकॉर्ड होतात तेही निरोपच, म्हणून चुकलेला सूर नंतर माऊसने सरकवता येतो, पियानोची सतारही करता येते. याचा दुसरा अर्थ असा की महागड्या कीबोर्डमुळे पियानोचा आवाज सुधारत नाही. तुम्ही पैसे मोजता ते पट्ट्यांचे.

मग पट्ट्या किती हव्यात? आपल्याकडे बरेच जण पेटीवरून इकडे येतात, म्हणून पेटीचंच माप घेऊ. साधारण पेटी तीन ते साडेतीन सप्तकांची असते. २५ पट्ट्यांत दोनच सप्तकं बसतात. सप्तक वर-खाली करायचं बटण असतं, पण तान घेताना मध्येच बटण कोण दाबणार? माझं घोडं तिथेच अडलं. एका हाताने सूर वाजवणाऱ्याला ३७ पट्ट्या पुरतात. दुसऱ्या हाताने कॉर्ड धरायचे असतील तर ४९ घ्या. ६१ मिळाल्या तर उत्तमच, फक्त टेबल आधी मोजा. ८८ पट्ट्या आणि पियानोसारखं वजन हे पियानो शिकणाऱ्यांसाठी. लहान कीबोर्डांवर पट्ट्याही बऱ्याचदा अरुंद असतात आणि पेटीची सवय असलेली बोटं त्यावर चुकतात. दुकानात जाऊन एकदा हात फिरवाच.

पेटीवाल्यांची आणखी एक अडचण मी स्वतः भोगली आहे. पेटीत आवाज लहान-मोठा होतो तो भात्याने; पट्टी हळू दाबा की जोरात, फरक नाही. त्यामुळे बोटांना जोर सांभाळायची सवयच नसते. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एक सूर कुजबुजत होता, तर पुढचा ओरडत होता. यावर उपाय म्हणून सेटिंगमध्ये 'व्हेलॉसिटी कर्व्ह' बदलता येतो का ते बघा. शिवाय मॉड्युलेशनचं चाक हवंच. बासरी किंवा व्हायोलिन वाजवताना बरीच सॉफ्टवेअर त्याच चाकाने आवाज वाढवतात-कमी करतात. म्हणजे डाव्या हाताला भाता परत मिळाला म्हणा ना!

शेजारचं पिच बेंडचं चाक मींडेसाठी. सहसा ते दोन्हीकडे दोन-दोन अर्धस्वर जातं. लांब मींड हवी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा वाढवा. काही छोट्या मॉडेलवर चाकांऐवजी जॉयस्टिक किंवा स्पर्शपट्टी असते. माझा हात तरी त्यावर कधी बसला नाही. काळी दोनमध्ये गाणाऱ्यांसाठी ट्रान्सपोझ लागतं, पण ते सॉफ्टवेअरमध्येही मिळतं, त्यासाठी जादा पैसे नकोत. सस्टेन पेडलची जागा मात्र मागे आहे का ते बघून घ्या.

आणि खरेदीआधी घरातला जुना कॅसिओ किंवा यामाहा खाली काढा. मागे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं चौकोनी छिद्र असेल तर प्रिंटरची वायर जोडा. तोच तुमचा मिडी कीबोर्ड. मॉडेल जुनं असेल तर ड्रायव्हर टाकावा लागू शकतो. आवाज दुहेरी येऊ लागला तर 'लोकल कंट्रोल' बंद करा किंवा कीबोर्डचा आवाज शून्यावर न्या. मोठी वर्कस्टेशनं सोडली तर पॅड आणि नॉब त्यावर सहसा मिळत नाहीत, पण सुरुवातीला त्यावाचून अडत नाही.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर कीबोर्ड परत करायला धावू नका. दोष बहुधा संगणकाच्या सेटिंगमध्ये असतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा आणि बफर १२८ वर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला तो सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो. ५१२ ला जवळपास १२. मशीन जुनं असेल आणि आवाज तडतडू लागला तर २५६ वर थांबा.

सध्या मी ४९ पट्ट्यांवर काम करतो. तो पहिला २५ पट्ट्यांचा मी विकला नाही, त्याच्या पॅडवर तबल्याचे बोल लावलेत. धा आणि तिरकिट बोटांनी वाजवायला तो झकास आहे.